मुलांचा ऋतुचक्र वर्ग, ठाणे : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

ठाण्यात उपवन तलावापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, येऊरच्या पायथ्याच्या बाजूला, एका जुन्या बैठ्या घराच्या अंगणात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी मुलांचा एक वर्ग भरतो. आधुनिक पेगन परंपरेत, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या युरोपातल्या निसर्गपूजक श्रद्धांवर बेतलेल्या परंपरेत, मुलांना कसे वाढवावे याचा विचार करून एका मराठी जोडप्याने (पुढे ताई आणि दादा म्हटले आहे ते हेच) तो सुरू केला असून माझी मुलगी (वय १०) आणि मुलगा (वय ७) तेथे दोन वर्षांपासून जात आहेत. वर्गात १४ मुलांपुरतीच जागा आहे. वर्गाचे नाव आणि पत्ता उघडपणे लिहू नये अशी चालकांची विनंती आहे. तिचे कारण पुढे येईलच, आणि मला ते पटल्यामुळे मी ती पाळते आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे हा अभिप्राय कोणत्या अपेक्षेतून लिहिला आहे ते कळेल. नोकरीनिमित्त आम्ही सात वर्षे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला होतो आणि तेथील एका शेजारणीमुळे मी या परंपरेत आले. पेगन हा शब्द लॅटिनमधल्या खेडूत या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्याखाली विक्का (स्वतःला 'विच' म्हणवणाऱ्यांचा पंथ), ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा मानणारे) आणि जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, देवतांना मानणारे असे अनेक पंथ येतात; त्या सर्वांचा मिळून एक धर्मग्रंथ नाही, एक धर्मगुरू नाही. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे विक्का लोकांसमोर आली. आज पन्नाशी-साठीत असलेले कित्येक पेगन मोठेपणी या वाटेला आलेले आहेत. आई-वडिलांकडून ती मिळालेली पिढी अलीकडची. त्यामुळे मुलांना काय शिकवावे, किती शिकवावे आणि त्यांच्यावर काय लादू नये, हे प्रश्न त्या समाजात अजून ताजे आहेत. अमेरिकेत १९९९ मध्ये स्पायरलस्काउट्स नावाची मुलांची संघटना याच गरजेतून निघाली. ठाण्यात परतल्यावर असे काही मिळेल अशी माझी मुळीच कल्पना नव्हती. घरात सासूबाईंची देवपूजा रोजची आहे, मुले त्यांच्याबरोबर आरतीला उभी राहतात, ते मला हवेच आहे. मात्र माझी वाट मुलांना निदान ओळखीची व्हावी, एवढी माझी इच्छा होती.

ओळखीच्या प्रत्येकाने विचारलेला पहिला प्रश्न असा, की हा जादूटोणा तर नव्हे. हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. इंग्रजीतल्या ज्या शब्दाने विक्कातली माणसे स्वतःची ओळख अभिमानाने सांगतात, त्याचे मराठी चेटकीण असे होते, आणि या शब्दापायी, डाकीण या शब्दापायी, आपल्याकडे बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आजही येतात. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तो असणे योग्यच आहे. वर्गाच्या ताईंनी पहिल्याच भेटीत हा विषय स्वतःहून काढला. आजार बरा करण्याचा, परीक्षेत यश मिळवून देण्याचा, कोणाचे वाईट करण्याचा किंवा करणी उतरवण्याचा कोणताही विधी येथे होत नाही, ताईत-खडे विकले जात नाहीत आणि मुलांना घरी सांगता येणार नाही असे काहीही सांगितले जात नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोन वर्षांत मी यातला एकही शब्द मोडलेला पाहिला नाही. अंगणाचे फाटक वर्गाच्या वेळी उघडे असते आणि कोणताही पालक कधीही येऊन बसू शकतो. तरीही शेजारपाजारच्या कुजबुजीचा त्रास त्यांना झालेला आहे, आणि नाव न लिहिण्याचे कारण हेच.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येते. पेगन वर्ष आठ सणांचे असते. दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखी असते ते) आणि त्यांच्या मधोमध येणारे चार दिवस. ३१ ऑक्टोबरला पूर्वजांचा साव्हिन, डिसेंबरच्या अयनदिनी यूल, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, १ मे रोजी बेल्टेन, १ ऑगस्टला धान्याचा लूनासा आणि इतर. पहिल्या वर्षी हे चक्र इंग्लंडमध्ये जसे पाळले जाते तसेच, तारखांसकट, येथे आणले गेले आणि माझी सर्वांत मोठी तक्रार त्या वर्षाविषयी आहे. १ ऑगस्टला, बाहेर धो धो पाऊस पडत असताना आणि भाताची लावणी जेमतेम उरकलेली असताना, मुलांनी नव्या धान्याचा सण म्हणून गव्हाचा पाव भाजला. फेब्रुवारीत मेंढ्यांना दूध येण्याची आणि बर्फ वितळण्याची गोष्ट सांगितली गेली तेव्हा अंगणाबाहेर सावर पाने गाळून लाल फुलांनी भरून गेली होती आणि तिच्याकडे कोणी बोटसुद्धा दाखवले नाही. माझ्या मुलीने घरी येऊन विचारले, "आई, आपल्याकडचा ऋतू चुकीचा आहे का?" हा प्रश्न मी ताईंना जसाच्या तसा कळवला.

ज्या परंपरेचा सारा आधार आपल्या पायाखालची जमीन हाच आहे, तिने दुसऱ्या देशाची जमीन मुलांना पाठ करायला लावणे मला खटकले. यात परंपरेचा दोष नाही, हेही मी त्यांना सांगितले. ऑस्ट्रेलियातले अनेक पेगन सारे चक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतात, कारण तेथे डिसेंबरात उन्हाळा असतो. मग ठाण्याने आपले चक्र का मांडू नये?

चालकांविषयी माझा आदर वाढला तो यानंतर. त्यांनी माझे म्हणणे मनावर घेतले आणि दुसऱ्या वर्षीचा पहिला महिनाभर मुलांना काहीही न शिकवता फक्त पाहायला आणि नोंदवायला लावले. तलावपाळीला मासुंदा तलावाचे पाणी किती खाली गेले, कोणते झाड कधी पान टाकते, चंद्र कोणत्या दिवशी केवढा दिसतो आणि त्या दिवशी खाडीला भरती किती, अशा नोंदींच्या वह्या झाल्या. चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा वर्गात आहे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्यानेच बाकीच्यांना शिकवले. पुनव-अवसेला भरती मोठी का आणि अष्टमीच्या सुमारास लहान का, हे दादांनी समजावण्यापूर्वीच मुलांना वहीतून दिसले होते. पेगन परंपरेत पौर्णिमेच्या बैठकीला एस्बॅट म्हणतात. ती पूर्वी चंद्राचे इंग्रजी गाणे म्हणून संपत असे, आता या वह्या उघडून सुरू होते.

दिशांचा तक्ता हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. विक्कात विधीसाठी वर्तुळ आखताना पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी आणि उत्तरेला पृथ्वी मानण्याची पद्धत रूढ आहे. इंग्लंडमध्ये उभे राहिले तर ते डोळ्यांना पटते, कारण दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर. हाच तक्ता पहिल्या वर्षी भिंतीवर होता. दुसऱ्या वर्षी ताईंनी मुलांना एका पालकांच्या इमारतीच्या गच्चीवर नेले आणि चारी बाजूंना काय आहे ते काढायला सांगितले. पश्चिमेला येऊरचा डोंगर, म्हणजे पृथ्वी. पूर्वेला ठाण्याची खाडी, म्हणजे पाणी, उत्तरेलाही घोडबंदरच्या पलीकडे पाणीच. वारा कोठून येतो यावर मुलांमध्ये बराच वाद झाला आणि शेवटी पाऊस आणणारा वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून त्याला तो कोपरा मिळाला. अग्नीला जागाच उरली नाही. तेव्हा एका आठ वर्षांच्या मुलीने तो डोक्यावर काढला, कारण मे महिन्यात सूर्य तेथेच असतो. तो तक्ता आता भिंतीवर आहे. या परंपरेतल्या पाच टोकांच्या ताऱ्याचा अर्थही याच वेळी सांगितला गेला, चार टोके चार तत्त्वांची आणि पाचवे आत्मतत्त्वाचे. आपल्या पंचमहाभूतांमध्ये पाचवे आकाश आहे. ताईंनी दोन्ही एकच आहेत असे म्हटले नाही, दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवली. सगळे काही आपल्याकडे आधीपासून होतेच, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह त्यांनी टाळला, याचे मला विशेष वाटते.

मुलीने डोक्यावर काढलेल्या त्या सूर्यातूनच वर्गाचा नववा सण निघाला. ठाणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. पहिल्यांदा मेच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा बहुधा ढग असतात. इंग्लंडमध्ये हा दिवस कधीच येत नाही. अंगणात मातीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात एक सरळ बांबू रोवला होता आणि मुले सकाळी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी खडूने सावलीच्या टोकाशी खूण करत होती. साडेबाराच्या सुमारास सावली बोटभर राहिली, मग नखाएवढी, आणि मग डब्याच्या आतच विरून गेली. माझा मुलगा डब्याभोवती फिरून पाहून आला आणि त्याने हळूच स्वतःच्या पायांखाली पाहिले. तेथेही काही नव्हते. ताई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. नंतर सगळ्यांनी कोकम सरबत प्यायले आणि ऊन उतरल्यावर सण म्हणून झाडांना पाणी घातले. ज्या दिवशी सावली नसते त्या दिवशी झाडाखाली बसू नये, त्याला पाणी द्यावे, हा नियम मुलांनी स्वतः केला आहे.

डिसेंबरच्या अयनदिनाचेही तसेच झाले. ब्रिस्टलला त्या दिवशी सूर्य आठ तासही वर नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांहून अधिक असतो, म्हणून तेथे यूलला अंधारातून परत येणाऱ्या उजेडाचा अर्थ अंगावर येतो. ठाण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. अंधाराची गोष्ट येथे सांगून काय उपयोग? त्याऐवजी मुलांनी नोव्हेंबरपासून पारसिकच्या डोंगरामागून सूर्य कोठून उगवतो याची रेखाचित्रे काढली. तो रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरच्या आसपास थबकतो आणि मग माघारी वळतो. मुलीच्या वहीत अशी एकोणीस चित्रे आहेत. मग संक्रांत १४ जानेवारीला का, हा प्रश्न येणारच होता. दादांनी त्याचे उत्तर न टाळता अयनचलन समजावले, की संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने धरतात आणि साधारण ७२ वर्षांनी हा हिशेब एका दिवसाने सरकतो. सगळ्यांना कळले असेल असे नाही. माझ्या मुलीला कळले.

बेल्टेनच्या खांबाभोवती फिती विणण्याच्या जागी गोफ आला. हा बदल इतका सहज होता की पहिल्याच वर्षी कसा सुचला नाही, याचे ताईंनाच आश्चर्य वाटले.

साव्हिनविषयी मात्र माझे मत पूर्णपणे अनुकूल आहे, पहिल्या वर्षीही होते. पूर्वजांची आठवण म्हणून मुलांनी घरातून एक वस्तू आणायची आणि तिच्याविषयी बोलायचे, एवढाच कार्यक्रम असतो. माझ्या मुलीने काय न्यावे हे मला सुचत नव्हते, तेव्हा सासूबाईंनी कपाटातून सासऱ्यांचा पितळी अडकित्ता काढून दिला. त्याच्या एका मुठीवरचा मोर झिजून नुसता उंचवटा राहिला आहे, कारण सासरे बोलताना त्यावरून अंगठा फिरवत असत. हे मला ठाऊक नव्हते, सासूबाईंनी नातीला सांगितले आणि नातीने वर्गात. दुसऱ्या वर्षी ही सभा सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या रविवारी घेतली गेली. ज्या घरांत पितृपक्षात अशी वस्तू बाहेर नेणे चालत नाही त्यांनी नुसते नाव सांगितले तरी चालेल, असा निरोप आधीच आला होता.

दोन गोष्टी मात्र चुकल्या आणि त्या लिहिल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. पहिल्या वर्षी वाघबारशीला मुलांना येऊरच्या एका पाड्याजवळच्या वाघोबाकडे नेण्यात आले. वाघोबा हा तेथील वारली कुटुंबांचा देव. ज्या रानात बिबट्या आजही फिरतो त्या रानात राहणाऱ्यांचा आणि त्याचा पिढ्यानपिढ्यांचा करार त्या देवापाशी आहे. आपल्या मुलांनी तेथे वर्तुळ केले, उदबत्त्या लावल्या आणि शंख-शिंपले मांडले, पाड्यावर कोणालाही न विचारता. एक वयस्कर बाई येऊन शांतपणे उभ्या राहिल्या आणि हे कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले. कोणाकडेच उत्तर नव्हते. दुसऱ्याचा जिवंत देव हा आपल्या वर्गाचा देखावा नव्हे. मी हे त्याच दिवशी बोलले आणि आणखी दोन पालकही बोलले. ताई-दादा दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन त्या बाईंची माफी मागून आले. आता तेथे वर्गाचा कोणताही विधी होत नाही. गेल्या वर्षी पाड्यावरूनच बोलावणे आले तेव्हा मुले पाहुणी म्हणून गेली, बाजूला बसली आणि अंधार पडण्यापूर्वी परतली.

दुसरी चूक यूलच्या संध्याकाळची. चौदा मुले, चौदा पणत्या आणि तीनच मोठी माणसे. एका मुलीच्या जाळीच्या फ्रॉकची कड पणतीला लागली. पाण्याची बादली वीस पावलांवर नळाशी होती. जवळच्या एका वडिलांनी कड हातांनी चुरगळून विझवली म्हणून फ्रॉकला भोक पडण्यावर निभावले. त्यांच्या तळहाताला फोड आले. त्यानंतर सुती कपडे, प्रत्येक तीन मुलांमागे एक मोठे माणूस आणि हाताशी वाळू-पाण्याच्या बादल्या असा नियम झाला आहे व तो पाळला जातो. परंतु प्रवेशाच्या कागदावर तो अजूनही लिहिलेला नाही, नव्या पालकांना तोंडी सांगितला जातो. तो लिहून द्यावा अशी माझी मागणी आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत मी करत राहणार आहे.

श्रद्धा लादण्याचा प्रश्न बहुतेक पालकांच्या मनात असेल. येथे कोणाला दीक्षा दिली जात नाही. विक्कातही ती सहसा सज्ञान झाल्यावरच देतात, आणि बाळाच्या नामकरणासारखा जो विधी असतो त्यातून मूल पंथाला बांधले जात नाही, मोठेपणी त्याने स्वतः ठरवायचे असते. कोणाचीही हानी होत नसेल तर मनाप्रमाणे वाग, या अर्थाचे त्या परंपरेतले वचन मुलांना शिकवले गेले तेव्हा माझ्या मुलाने घरी दात घासायला नकार दिला. त्यात कोणाची हानी नाही, असे त्याचे म्हणणे. मी पुढच्या वर्गात ताईंना सांगितले. त्यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. त्याला शेजारी बसवून, कोणाचीही म्हणजे कोणाकोणाची, याची यादी त्याच्याकडून करून घेतली. आजी, मांजर, अंगणातला शेवगा, मुंग्या. यादी संपल्यावर त्यांनी विचारले, "आणि तू?" त्याने थोडा वेळ विचार करून शेवटी स्वतःचे नाव लिहिले. दात घासण्याची कटकट संपली असे नाही, पण ती यादी त्याने पलंगाशेजारी चिकटवली आहे आणि तीत अधूनमधून भर पडते.

व्यवहाराचे थोडक्यात सांगते. महिन्याला एका मुलाचे १२०० रुपये, भावंडांना सवलत. शिकवणे मराठीत, गाण्यांपैकी काही अजून इंग्रजीत आहेत आणि ती बदलली तर बरे. पावसाळ्यात अंगणावर ताडपत्री असली तरी सगळे ओले होते आणि डास फार असतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत. रिक्षा उपवनपर्यंत सहज मिळते. गाडी लावायला जागा नाही. फेब्रुवारीत ऐरोलीहून खाडीत बोटीने रोहित पक्षी पाहायला नेतात, त्याचे पैसे वेगळे. सहा वर्षांखालील मुलांना अडीच तास जड जातात, माझ्या मुलालाही पहिले सहा महिने गेले.

नवी तुकडी दसऱ्यानंतर सुरू होते आणि तिच्या पहिल्या वर्गाला पैसे न भरता बसून पाहता येते. त्या दिवशी घरातल्या आजी-आजोबांनाही न्यावे, असे मी सुचवेन. धान्याचा सण आता १ ऑगस्टवरून नवान्न पौर्णिमेला गेला आहे आणि गेल्या वर्षी त्यासाठी ताईंनी माझ्या सासूबाईंना बोलावले. त्या राजापूरकडच्या. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचे कणीस आणि कुरडूचे फूल धरून 'नवे' कसे बांधायचे हे त्यांनी चौदा मुलांना शिकवले. सुतळीची गाठ कोणालाच जमेना, म्हणून त्या प्रत्येकाचा हात धरून ती पुन्हा पुन्हा घालून दाखवत राहिल्या. वर्ग त्या दिवशी दीड तास उशिरा सुटला.